बाळाची दिवसाची झोप

(संस्थेच्या महोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. बाळाला निजविणे ही का भाषणाची गोष्ट? आपल्या आयाबायांनी कोणतेही भाषण न ऐकता पाच-पाच, सात-सात मुले वाढविली. हे खरे आहे. पण त्या पाच-सात मुलांच्या घरात झोका द्यायला एक आजी, एक विधवा आत्या, दोन जावा आणि एखादी आठ वर्षांची थोरली बहीण असे. आज निपाणीतल्या कोणत्याही गल्लीत जा. तिसऱ्या घरात सासू आणि सून अशा दोनच बाया सापडतील, आणि सून नोकरीवर जाणारी असेल. झोका देणारे हात उरले नाहीत, पण बाळाला मात्र झोक्याची सवय तशीच आहे. माझा विषय एवढाच आहे.

मी वैद्य नव्हे, शाळेत गणित आणि शास्त्र शिकविणारी बाई आहे. दोन मुले वाढविली आहेत, आणि शाळेत लहान भावंडांना कडेवर घेऊन येणाऱ्या आया व आज्या गेली वीस वर्षे पाहत आले आहे. जे सांगणार आहे ते शास्त्राच्या पुस्तकांतून पडताळून घेतलेले आहे, आणि काही घरांत घडताना पाहिलेले आहे.

प्रथम एका घराची हकीकत सांगते. आमच्या शाळेतील एका मुलीच्या घरी बाळ झाले. २०१७ सालच्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, तीतील काही आठवडे बाळंतपणाआधीच जातात. तेव्हा आई रोजच्या गाडीने पुन्हा कोल्हापूरला कामावर जाऊ लागेल तेव्हा बाळ साडेपाच महिन्यांचे असणार होते. घरी राहणार होत्या त्या बासष्ट वर्षांच्या आजीबाई. त्यांचा उजवा खांदा आखडलेला. बाळ निजायचे ते फक्त साडीच्या झोळीत, आणि तेही झोका चालू असेतोवर. आजीबाई मला म्हणाल्या, ‘बाई, हात थांबला की ह्याचं डोळं उघडत्यात बघा. मी काय यंत्र हाय व्हय?’

सूनबाईंना याची दुहेरी काळजी होती. नोकरी सोडावी तर घराचे हप्ते थकणार, आणि न सोडावी तर सासूच्या खांद्याचे काय होणार? अशा प्रसंगी आपल्याकडे सून नोकरी सोडते, असा अनुभव आहे. बाळाची दिवसाची दोन-तीन तासांची झोप एका घराच्या मिळकतीवर आणि एका म्हातारीच्या हाडांवर अशी येऊन बसते. म्हणून या विषयाला क्षुल्लक म्हणण्याची माझी तयारी नाही.

आता हात थांबला की डोळे का उघडतात, ते पाहू. आपण सगळ्यांनी रात्रीच्या एस.टी.चा प्रवास केला आहे. गाडी चालू असेतोवर छान डुलकी लागते, आणि एखाद्या स्टँडवर गाडी थांबली, इंजिन बंद झाले, की सगळी गाडी जागी होते. कोणी हाक मारलेली नसते. ज्या हालचालीत आणि आवाजात झोप लागली ती बदलली, एवढेच. बाळाचेही असेच आहे. झोप ही काही सलग ओढलेली रेघ नसते, तिच्यात लाटा असतात. शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याने निजलेल्या बाळांच्या पापण्यांचे निरीक्षण करता करता पुढे मोठ्या माणसांच्या झोपेचा अभ्यास केला, आणि त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्यासह १९५३ साली झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या अभ्यासावरून आपल्याला कळते की मोठ्या माणसाच्या झोपेची एक लाट सुमारे दीड तासाची असते, तर बाळाची पन्नास मिनिटांच्या आसपास. शिवाय नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप ही सावध, चुळबुळीची असते. लाट ओसरली की बाळ थोडेसे वर येते. त्या क्षणी सगळे पूर्वीसारखे असेल तर पुन्हा बुडी मारते. झोका थांबलेला असेल, मांडीऐवजी गादी लागत असेल, तर ते पुरते जागे होते आणि रडते. ‘आमचे बाळ पाऊण तासाच्या वर निजतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या आईने घड्याळ लावून पाहावे. बहुतेक वेळा पहिली लाट संपल्याबरोबर ते उठलेले असते.

१९७९ साली टॉमस अँडर्स या अमेरिकन तज्ज्ञाने बाळांचे त्यांच्या घरीच रात्रभर चित्रीकरण करून पाहिले. जी बाळे रात्रभर निजतात असे आईवडील सांगत, त्यांपैकीही पुष्कळ बाळे मधूनमधून जागी होत होती. काही रडून आईला बोलावत, काही इकडेतिकडे पाहून, मूठ चोखून आपली आपण पुन्हा निजत. जाग सगळ्यांनाच येते. फरक पडतो तो पुन्हा निजण्याची वाट बाळाला ठाऊक आहे की नाही, यात. आणि ती वाट त्याला झोप लागतानाच शिकता येते; कारण ज्या स्थितीत ते निजले तीच स्थिती जाग आल्यावर ते शोधते.

येथे कोणी विचारील, मग रात्रीचे सोडून दिवसाचेच काय घेऊन बसलात? त्याचे कारण असे की दिवसाची झोप शिकविणे अधिक कठीण आहे. झोप दोन गोष्टींनी येते, असे अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ साली मांडले: एक, जागेपणी हळूहळू साठत जाणारी झोपेची ओढ, आणि दुसरी, शरीरातले दिवसरात्रीचे घड्याळ. रात्री दोन्ही मदतीला येतात. दिवसा घड्याळ म्हणत असते ‘जागे राहा’, उजेड असतो, कुकरची शिटी असते, दारावर भाजीवाला असतो. मदतीला राहते ती एकटी ओढ, आणि तीही थोडी. त्यामुळे रात्र चार-पाच दिवसांत सुधारली तरी दिवसाला दोन-तीन आठवडे लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ आया तिसऱ्या दिवशी हात टेकतात.

ओढ एकटीच असल्यामुळे वेळ साधण्याला फार महत्त्व आहे. दोन-तीन महिन्यांचे बाळ तास-सव्वा तासापेक्षा जास्त वेळ सुखाने जागे राहू शकत नाही. पाच-सहा महिन्यांचे दोन तासांच्या आसपास, आणि नऊ महिन्यांचे अडीच-तीन तास राहते. हे आकडे पाढ्यांसारखे घोकू नयेत, बाळागणिक ते बदलतात. बाळाकडे पाहावे. खेळता खेळता नजर भिंतीवर खिळली, भुवया लालसर झाल्या, कान किंवा डोळे चोळू लागले, हातपाय झटके देऊ लागले, की समजावे. जांभई ही बहुधा उशिराची सूचना असते. ती वेळ टळली की बाळ अतिशय थकते, आणि थकलेले बाळ अधिक लवकर निजेल हा आपला समज उलटा ठरतो. ते चेकाळते, खिदळते आणि मग तासभर रडते. उलट, ओढ पुरेशी साठण्याआधीच निजवायला घेतले तर आपण नुसते थोपटत बसतो. दिवसाच्या झोपेचे निम्मे यश या घड्याळात आहे, असे माझे मत आहे.

एकूण झोप किती असावी? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास. सहाव्या महिन्याच्या सुमारास दिवसाच्या तीन झोपा असतात, पुढे आठव्या-नवव्या महिन्यात दोन, आणि सव्वा-दीड वर्षात एक उरते. चार तासांचा फरक निरोगी बाळांतच असतो, तेव्हा शेजारणीच्या बाळाशी तुलना करू नये.

वयाबद्दल एक गोष्ट निक्षून सांगते. तीन-साडेतीन महिन्यांच्या आतल्या बाळाला हे शिकवायला जाऊ नये. त्याचे शरीरातले घड्याळच अजून लागलेले नसते. त्याला कुशीत घ्या, पाजा, हलवा, काही बिघडत नाही. चौथा ते सहावा महिना हा सुरुवातीला ठीक काळ. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय ठरलेल्या तारखेपासून मोजावे. ताप, सर्दी, लस टोचल्याचा दिवस, प्रवास, घरात लग्नकार्य, अशा वेळी आरंभ करू नये आणि चालू असल्यास थांबवावे. वजन वाढत नसेल किंवा निजताना श्वासाचा घरघर आवाज येत असेल, तर आधी डॉक्टर. झोपेचा विचार नंतर.

आता शिकवावयाचे कसे? शिक्षकाच्या भाषेत सांगते. पहिलीतले मूल पाटीवर ‘ग’ काढायला शिकते तेव्हा बाई त्याचा हात हातात धरून अक्षर गिरवून घेतात. काही दिवसांनी पकड सैल करतात. मग हात नुसता मुलाच्या हातावर ठेवतात. मग मनगटाला बोट लावतात. मग शेजारी उभ्या राहतात. एक दिवस मूल आपले आपण ‘ग’ काढते, तेव्हा बाई दुसऱ्या बाकाशी असतात. पहिल्याच दिवशी पाटी पुढे टाकून निघून जाणाऱ्या बाई चांगल्या नव्हेत, आणि चौथीपर्यंत हात धरून ठेवणाऱ्याही नव्हेत. बाळाच्या झोपेचे असेच आहे. आज आपण जेवढे करतो त्याच्या किंचित कमी उद्या करावयाचे, आणि तीन-चार दिवस तेथेच थांबावयाचे.

त्या घरात आम्ही काय केले, ते सांगते. रजा संपायला तीन आठवडे होते. सकाळची पहिलीच झोप तेवढी निवडली. ती सर्वांत सोपी असते. बाकीच्या झोपा पूर्वीप्रमाणे झोळीत, कुशीत, कशाही. त्यांना हात लावायचा नाही. बाळ साडेसहाला उठे, तेव्हा सव्वाआठच्या सुमारास तयारी. पाजणे उठल्याबरोबर करावयाचे, निजण्याच्या तोंडावर नव्हे, म्हणजे दूध आणि झोप यांची गाठ आपोआप सैल होते. (अंगावर पीत पीत बाळ निजले तर तो काही गुन्हा नाही. परंतु आई कोल्हापुरात असताना आजीकडे तो उपाय नसतो.) खिडकीचा पडदा ओढायचा, बाळोते बदलायचे, तीच एक अंगाई रोज म्हणायची आणि बाळ जागे असतानाच ती संपवायची. झोप लागेपर्यंत गात राहिले की गाणेच झोका होऊन बसते. मग पेंगुळलेल्या पण जाग्या बाळाला जमिनीवरच्या गादीवर ठेवायचे, आधी पाय, मग कंबर आणि शेवटी डोके. डोके आधी ठेवले की बाळ पडल्यासारखे दचकते.

पहिल्या दिवशी ते पंधरा मिनिटे रडले. आजीबाई शेजारी आडव्या होत्या, त्यांचा डावा हात त्याच्या छातीवर होता आणि त्या थोपटीत होत्या. दोनदा त्यांनी त्याला उचलले, शांत केले आणि पुन्हा ठेवले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटे. पाचव्या दिवशी गडहिंग्लजहून बाळाची आत्या आली. ‘लेकराला का छळताय?’ म्हणाली, आणि तिने सरळ झोळी बांधली. दोन दिवस वाया गेले. म्हणून मी सांगते, हे काम सुरू करण्याआधी घरातल्या सर्वांना एका ठिकाणी बसवून बोलून घ्या. नणंद, दीर, मामा, आजोबा, सगळ्यांना. आजोबांना विशेषतः, त्यांना रडणे सर्वांत कमी सोसते. शिकविणाऱ्या दोन व्यक्तींनी दोन रीती वापरल्या तर शाळेतले मूलही गोंधळते.

नवव्या दिवशी थोपटणे थांबले, नुसता हात ठेवलेला पुरला. बाराव्या दिवशी आजीबाई शेजारी बसून मेथी निवडीत होत्या आणि बाळ मूठ तोंडात घालून आपले आपण निजले. पाऊण तासाने उठले. ते पाऊण तासाने उठणे थांबायला आणखी जवळजवळ तीन आठवडे लागले, आणि तोपर्यंत सूनबाई कामावर रुजू झाल्या होत्या. दुपारची झोप त्यानंतर हाती घेतली. संध्याकाळची डुलकी मात्र आम्ही मुद्दामच आजीच्या मांडीवर राहू दिली; दिवसाच्या शेवटी बाळही थकलेले असते आणि आजीही, तेव्हा कोणाला शिकण्याची हौस नसते. एवढे मात्र पाळावे की ती डुलकी पाचच्या पुढे लांबू नये, नाही तर रात्री नऊला बाळ ताजेतवाने होऊन गप्पा मारू लागते.

रडण्याविषयी मतभेद आहेत. बाळाला खोलीत ठेवून दार लावून घ्यावे, रडून रडून ते निजेल, असे सांगणारे पाश्चात्य देशांत आहेत. १९८५ साली रिचर्ड फर्बर या अमेरिकन डॉक्टरांनी ठरावीक अंतराने खोलीत जाऊन धीर देण्याची रीत पुस्तकात मांडली, ती त्या मानाने सौम्य. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात सहा महिन्यांच्या पुढील बाळांना अशा सौम्य रीतींनी शिकविले होते. पाच वर्षांनी केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या मुलांत आणि इतरांत मनाच्या किंवा आईशी असलेल्या नात्याच्या दृष्टीने काही फरक दिसला नाही, बरा नाही आणि वाईटही नाही. तेव्हा बाळ थोडे रडले म्हणून त्याच्या मनावर जन्माचा ओरखडा उठतो, ही भीती सोडावी. पण दार लावून घेण्याची रीत आपल्या दोन खोल्यांच्या घरांना लागू होत नाही, आणि मला ती मान्यही नाही. आपण बाळाजवळ असतोच. १७ देशांतील २९,००० हून अधिक बाळांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतासह आशियातील बहुतेक देशांत बाळे आईवडिलांच्याच खोलीत निजतात असे दिसले. ती आपली रीत आहे, आणि शेजारी बसूनही शिकविता येते.

फक्त कान तयार करावा लागतो. कुरकुर वेगळी आणि टाहो वेगळा. कुरकुर चढते, उतरते, मध्येच थांबते. बाळ स्वतःशीच भांडत असते. तिच्यात एक-दोन मिनिटे हात आवरून धरावा. पुष्कळदा आपण घाईने उचलतो आणि निजू घातलेले बाळ जागे करतो. टाहो चढतच जातो. तेव्हा उचलावे, आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावू नये. वीस मिनिटे झाली तरी जमले नाही, तर त्या दिवसापुरते सोडून द्यावे, बाळाला बाहेर न्यावे, अर्ध्या तासाने नेहमीच्या रीतीने निजवावे.

आवाजाचे काय, असे एका बाईंनी मघाशी विचारले. आमच्या मोहल्ल्यात दुपारची अजान होते, पलीकडे पिठाची गिरणी आहे, वरच्या आळीला देवळातली घंटा आहे. रोजच्या वेळी येणाऱ्या आवाजाला बाळ सरावते. घर चिडीचूप ठेवण्याची सवय लावली तर मात्र चमचा पडला तरी ते उठते. मोबाईल कानाशी ठेवून गाणी लावू नयेत. त्यापेक्षा आजीचा घसा बसलेला आवाज पुष्कळ बरा.

आता निजण्याच्या जागेविषयी, आणि येथे मी थोडी कठोर होणार आहे. एकट्याने निजू लागलेल्या बाळाजवळ दर क्षणी कोणी नसते. मांडीवरच्या बाळाचे नाक आपल्याला दिसते, आतल्या खोलीतल्या बाळाचे दिसत नाही. म्हणून जागा निर्धोक हवी. बाळ उताणेच निजवावे, रात्री आणि दिवसाही. अमेरिकेत १९९४ सालापासून या एका गोष्टीचा प्रचार झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढच्या दशकभरात निम्म्याच्या आसपास आली. गादी पातळ व घट्ट, चादर ताणलेली. डोके गोल होण्यासाठी आपण मोहरीची उशी ठेवतो. ती काढून टाकावी. गोधडी, मऊ खेळणी, कडेला रचलेल्या उशांची तटबंदी, यांपैकी काहीही नको. पलंगावर एकट्या बाळाला ठेवू नये. सपाट जमिनीवर सतरंजी व गादी उत्तम, मुंग्या आणि मांजर मात्र पाहावे. पालथे पडू पाहणाऱ्या बाळाला दुपट्यात गुंडाळणे बंद करावे. गळ्यात काही नको, मग तो काळा दोरा असो की ताईत. श्रद्धा आपापली असते, पण दोरा गळ्याला आवळतो तेव्हा तो धर्म विचारीत नाही. दंडाला किंवा कमरेला बांधा, आणि तोही सैल.

झोळीविषयी बोलणे आपल्या गावात नाजूक आहे. विड्या वळणाऱ्या बायांच्या घरी मी पाहिले आहे: तुळईला झोळी, झोळीची दोरी बाईच्या पायाच्या अंगठ्याला, मांडीवर सूप, आणि दोन्ही हात कामात. त्या अंगठ्याने कितीक संसार उभे केले आहेत. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार पगारी शिक्षिकेला नाही. तरी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. लहान बाळ झोळीत घडी होऊन निजते, हनुवटी छातीला लागते आणि श्वासाची वाट अरुंद होते. थोडे मोठे झाले की साडीच्या पिळात मान अडकण्याची भीती असते. तेव्हा झोळी नजरेसमोरच हवी, आणि बाळ निजल्यावर त्याला जमिनीवर ठेवावे. दुसरे असे की तंबाखूची धूळ आणि विडीचा धूर असलेल्या खोलीत बाळ निजवू नये. धुराच्या घरात झोपेत दगावण्याचा धोका वाढतो, हे शास्त्राने पक्के केले आहे.

आता जे सांगावयाचे आहे त्यासाठीच खरे तर मी हा विषय घेतला. कामावर जाणाऱ्या आईचे बाळ दिवसा निजले पाहिजे, ही अडचण नवी नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बाया एके काळी लेकराला अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या मजूरविषयक शाही आयोगाच्या अहवालातही या चालीची दखल घेतली आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांच्याजवळ झोका द्यायला हात नव्हता आणि गिरणीचा भोंगा थांबत नव्हता. अफूने बाळ निजत नाही, गुंगते. श्वास मंदावतो, भूक मरते, आणि काही बाळे उठतच नाहीत.

ती बाळगोळी गेली, असे आपण समजतो. पण आजही बाळगुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त पडतात, ते कशासाठी? सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये असे डॉक्टर सांगतात, आणि त्यात गुटीही आली. जायफळ जास्त झाले तर ते विषासारखे बाधते. आणि शिकलेल्या घरांत काय चालते? सर्दीच्या औषधाने बाळ छान निजते, हे एकीने दुसरीला सांगितलेले मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे सर्दीवरचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला आहे. बाटलीवर तशी सूचना छापलेली असते, पण ती वाचायला भिंग लागते. औषधाने आणलेली गुंगी पाहणाऱ्याला झोपेसारखीच दिसते. रंगही तोच, शांतपणाही तोच. म्हणून पाळणाघरात किंवा शेजारी बाळ ठेवणाऱ्या आयांनी एक खूण लक्षात ठेवावी. बाळ घ्यायला गेल्यावर ते रोजच्यापेक्षा सुस्त असेल, हाक मारल्यावर नजर लागत नसेल, दूध ओढीत नसेल, तर ‘आज छान निजला’ या शब्दांवर समाधान मानू नये. काय दिले ते विचारावे, आणि संशय असल्यास त्याच पावली दवाखाना गाठावा.

ज्या बाळाला आपले आपण निजता येते, त्याला गोळी देण्याची पाळी कोणावर येत नाही. पाळणाघरातल्या बाईंकडे आठ बाळे आणि दोन हात असतात. तिच्याकडे बाळ सोपविण्याआधी निदान सकाळची एक झोप त्याला गादीवर जमू द्या, आणि ती कशी जमते ते कागदावर लिहून द्या: किती वाजता उठला, किती वेळाने पेंगतो, कोणते गाणे, हात छातीवर की पाठीवर. पहिल्या आठवड्यात घरची वापरलेली चादर तेथल्या गादीवर ताणून घाला, वासाने बाळ ओळख धरते.

माझी वेळ संपत आली आहे. ज्यांच्या घरी चार ते सहा महिन्यांचे बाळ आहे आणि आई लवकरच कामावर जाणार आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर भेटावे. येताना शक्य असेल तर आजीबाईंनाही बरोबर आणावे. कारण दुपारी बाराला बाळाजवळ त्याच असणार आहेत, आणि त्यांना काय जमेल व काय जमणार नाही ते ऐकल्यावाचून आपण ठरविलेल्या वेळापत्रकाचा काही उपयोग नाही.